आजोबांच्या तीन बायका आणि सांगलीच्या आईची काळजी

वाचकाचं पत्र, थोडक्यात: "माझी मुलगी २८ वर्षांची, पुण्यात नोकरीला आहे. एम.बी.ए.च्या वर्गातला तिचा मित्र नायजेरियाचा, इग्बो समाजातला, अनाम्ब्रा राज्यातला. आता तो लागोसला चांगल्या नोकरीत आहे. दोघांचं लग्न ठरल्यात जमा आहे. मुलगा शांत आहे, मोठ्यांना मान देतो, आम्हालाही आवडला. पण बोलता बोलता तो सहज सांगून गेला की त्याच्या आजोबांना तीन बायका होत्या, आणि माझी झोप उडाली. माझे दीर म्हणतात, नायजेरिया मुसलमानांचा देश, तिथे चार बायका कायद्यानेच चालतात. जाऊ म्हणते, ते लोक पैसे मोजून मुलगी विकत घेतात. पुढच्या महिन्यात मुलाचे काका आणि थोरला भाऊ आमच्याकडे येणार आहेत. त्यांना काय विचारू? आणि त्यांनी पैसे पुढे केले तर घ्यायचे का? – एक आई, सांगली"

ताई,

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर 'घेऊ नका' असं आहे. का ते पुढे येईलच. आधी दिरांचा गोंधळ निस्तरू, कारण त्यांनी दोन अगदी वेगळे समाज एकाच पोत्यात भरलेत.

नायजेरियात ख्रिस्ती आणि मुसलमान साधारण निम्मे-निम्मे आहेत. उत्तरेत कानो, कात्सिना, सोकोतो या भागात हौसा आणि फुलानी लोक, ते मुसलमान. नैऋत्येच्या योरुबांमध्येही मुसलमान पुष्कळ. इग्बो मात्र आग्नेयेकडचे. अनाम्ब्रा, एनुगू, इमो, अबिया आणि एबोन्यी ही त्यांची पाच राज्यं, आणि तिथले बहुतेक लोक कॅथलिक नाहीतर अँग्लिकन. तुमच्या होणाऱ्या जावयाच्या आजोबांना तीन बायका होत्या त्या इग्बो रीतीने. चर्च तिथे पोचण्याच्या कितीतरी आधीपासूनची ती रीत, आणि तिचे नियम इस्लामच्या नियमांहून निराळे. नायजेरियातल्या विवाहित बायकांपैकी सुमारे एक तृतीयांश आजही सवतीच्या संसारात आहेत. पण तो आकडा उत्तरेमुळे मोठा दिसतो. इग्बो मुलखात हे प्रमाण बरंच खाली आहे.

सवत येईल का, ही तुमची धास्ती रास्त आहे. तरी आम्हाला तेवढ्याच प्रश्नावर थांबणं धोक्याचं वाटतं. मुलीचं लग्न कोणत्या कायद्याखाली नोंदलं जातं आणि नवऱ्याच्या पश्चात घरादारावर तिचं काय उरतं, या दोन गोष्टी तुम्ही आधी पक्क्या करायला हव्यात. एकच बायको असलेल्या घरातही याच दोन गोष्टींवरून बायका रस्त्यावर आल्या आहेत.

आता आजोबांचं घर कसं असायचं ते बघा. मातीच्या कुसवाचं आवार, आत शिरताच समोर घरधन्याची ओबी, म्हणजे त्याचं स्वतःचं घर. पाहुणे तिथेच बसणार. ओजी, म्हणजे कोलाची बी, तिथेच फोडून वाटली जाणार, आणि ती फोडण्याचा मान पुरुषाचाच. मागच्या बाजूला प्रत्येक बायकोचं वेगळं घर, वेगळी चूल, वेगळं धान्य. मुलं आपापल्या आईकडे झोपतात, तिच्याच चुलीवरचं खातात. नवऱ्याचं जेवण प्रत्येकीच्या चुलीवरून ओबीत जातं. त्यामुळे एकाच बापाची मुलं असली तरी 'एका आईची' हे नातं जास्त घट्ट, आणि जमिनीचे तंटे पुढे बहुधा याच रेषेवर फुटतात.

शेतीतही अशीच वाटणी. याम हा आपल्या कोनफळाच्या जातीचा मोठा कंद, तो पुरुषाचं पीक. मान त्याचा, नव्या यामचा सण त्याचा, कोठारात किती याम रचले यावर माणसाची पत. अळूचे कंद, मका, कडधान्यं आणि नंतर आलेला कसावा, म्हणजे ज्यापासून आपला साबुदाणा होतो तो कंद, ही बायकांची पिकं. घर खाऊन उरलेलं बाई बाजारात विकायची आणि तो पैसा तिचा असायचा. इग्बो आठवडा चार दिवसांचा, एके, ओरिए, आफो आणि न्क्वो. गावोगावचे बाजार या वारांना भरतात आणि ते चालवतात मुख्यतः बायका. नवऱ्याने जमीन दाखवायची, घर बांधून द्यायचं, याम पुरवायचे. मीठ-मिरची, कालवण आणि मुलांचं रोजचं भागवणं बायकोवर.

हे लक्षात आलं की तीन बायका कशासाठी होत्या तेही उलगडतं. यामची लागवड, वेलांना आधार, खुरपणी, हे सगळं हातांचं काम. जास्त बायका म्हणजे जास्त हात आणि जास्त सोयरे. मूल अंगावर पीत असेतो, दोन-अडीच वर्षं, नवरा-बायकोने लांब राहायची रीत होती. मुलगा हवा, ही घाई तर होतीच. कामाचा भार वाटला जावा म्हणून थोरलीनेच दुसरी आणायला सांगितलं, असंही घडायचं. किती बायका करायच्या याला मर्यादा नव्हती. पोसण्याची आणि प्रत्येकीच्या माहेरी द्यायची ऐपत, एवढीच अट.

याचा अर्थ तिथल्या बायका मुकाट होत्या असं धरून चालू नका. लग्न होऊन गेलेल्या लेकींची संघटना असते, तिला उमुआदा म्हणतात. या माहेरवाशिणींचा शब्द बापाच्या घरात, विशेषतः मयताच्या वेळी आणि भावाभावांच्या भांडणात, अजूनही वजनदार असतो. तुमच्या मुलीला सासूइतकंच या नणंदांशी जमवून घ्यावं लागेल. गावात सुना होऊन आलेल्या बायकांचीही वेगळी मंडळी असते. एखाद्याने बायकोला मारहाण केली किंवा गुरं सोडून बायकांची पिकं खाऊ दिली, तर या बायका संध्याकाळी त्याच्या दारात जमायच्या. त्याची अब्रू काढणारी गाणी म्हणायच्या, मुसळांनी भिंती बडवायच्या, प्रसंगी छप्पर उतरवायच्या. तो माफी मागेपर्यंत हलायच्या नाहीत. १९२९ साली ओलोको गावात इंग्रजांच्या मोजणीदाराने न्वान्येरुवा नावाच्या बाईला तिच्या घरातली माणसं आणि शेळ्या-मेंढ्या मोजायला सांगितलं. बायकांवर करपट्टी बसणार या संशयाने हजारो बायका अशाच उठल्या. गोळीबारात ५० हून अधिक बायका गेल्या. इंग्रजांनी गावकारभारासाठी जवळजवळ सगळे पुरुषच नेमले होते, बायकांच्या या संस्था त्यांना दिसल्याच नव्हत्या. आज ज्याला 'परंपरेने बाई खालीच' म्हणतात, त्यातला काही भाग त्या काळात तयार झालेला आहे.

आणखी एक रीत तुमच्या जावेला मुद्दाम सांगा. सधन इग्बो बाई स्वतः रीतसर देणं देऊन दुसरी बाई 'बायको' म्हणून घरी आणू शकत असे. त्या बाईला होणारी मुलं हिच्या घराण्याची गणली जात. संबंध शरीराचा नसे, वंशाचा आणि मनुष्यबळाचा असे. एनुगू-एझिके गावच्या अहेबी उग्बाबे या बाईने विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात गावची सत्ता मिळवली आणि तिच्याही घरी अशा बायका होत्या. 'नवरा' हे तिथे बऱ्याच अंशी पद होतं. ऐपत असेल तर ते बाईलाही मिळायचं.

पण जे दुखरं आहे तेही सांगितलं पाहिजे. इग्बो रीतीत जमीन उमुन्नाची, म्हणजे बापाकडच्या भाऊबंदांची. ओबी थोरल्या मुलाला, शेती मुलांना, मुलींना काही नाही. विधवेला राहायला जागा मिळायची ती मुलाच्या जोरावर. मुलगा नसेल तर दीर-पुतणे दार ठोठावणार. तिला दिराने ठेवून घ्यायचीही प्रथा होती. नायजेरियाच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली दोन निकालांत हे मोडून काढलं. उकेजे विरुद्ध उकेजे या खटल्यात मुलीला वारसा नाकारणारी इग्बो रूढी घटनाबाह्य ठरली, आणि आनेक्वे विरुद्ध न्वेके या खटल्यात मुलगा नाही म्हणून विधवेला घराबाहेर काढणं. पण पहिल्या खटल्यातले वडील वारले होते १९८१ मध्ये. निकाल हातात यायला तीस वर्षांहून अधिक गेली. गावातली बैठक असा निकाल वाचून भरत नाही, हे धरूनच तयारी करा.

आता दिरांच्या 'चार बायकां'कडे वळू. कुराणाच्या चौथ्या अध्यायातल्या तिसऱ्या आयतीत दोन, तीन किंवा चार बायकांची मुभा आहे. त्याच वाक्यात अट आहे की समान न्याय करता येणार नसेल तर एकच. उहुदच्या लढाईत, इसवी सन ६२५ मध्ये, मुसलमानांचे सत्तरच्या आसपास पुरुष पडले आणि विधवा व अनाथ मुलांचा प्रश्न उभा राहिला, तो या आयतीचा संदर्भ मानला जातो. याच अध्यायातली १२९वी आयत म्हणते की कितीही मनात आणलं तरी बायकांमध्ये पुरता न्याय तुम्हाला साधणार नाही. ट्युनिशियाने १९५६ साली बहुपत्नीत्वावर बंदी घातली, ती या दोन आयती एकत्र वाचून. हमीद दलवाईंनी १९६६ साली सात मुस्लिम बायकांचा मोर्चा मुंबईच्या कौन्सिल हॉलवर, म्हणजे तेव्हाच्या विधिमंडळावर नेला होता, त्यातली एक मागणी हीच होती.

कानोसारख्या शहरात इस्लामी कायद्याच्या मालिकी पंथाचे नियम चालतात आणि ते बारीक आहेत. प्रत्येक बायकोला वेगळी खोली हवी. रात्रींच्या पाळ्या सारख्या हव्यात. नवी बायको कुमारिका असेल तर तिला सलग सात रात्री, आधी लग्न झालेली असेल तर तीन, मग पाळी सुरू. दोन सख्ख्या बहिणी किंवा मावशी-भाची एका वेळी एकाच्या बायका होऊ शकत नाहीत. हौसा घरात थोरलीला उवारगिदा म्हणतात आणि सगळ्यात नवीला अमारिया. जिची पाळी, तिच्याकडे त्या दिवसाचा स्वयंपाक. बिघडतं कुठे? रात्री मोजता येतात, पैसा मोजला जात नाही. एकीच्या मुलाची फी भरली जाते, दुसरीच्या राहते. त्यात बरीच घरं पडदा पाळतात. बाई उंबऱ्याबाहेर पडत नाही, पण घरात तळलेले पदार्थ करून मुलांच्या हाती विकायला पाठवते आणि तो पैसा स्वतःकडे ठेवते.

दोन्ही रीती शेजारी ठेवल्या तर तुमच्या लक्षात येईल की कागदावर इस्लामी बायकोचे हक्क जास्त स्पष्ट आहेत. मेहर, म्हणजे लग्नात नवऱ्याने द्यायचं देणं, तिच्या हातात पडतो. इग्बो रीतीत देणं तिच्या माहेरच्यांना जातं. इस्लाममध्ये खाऊ-पिऊ घालणं पूर्णपणे नवऱ्यावर आणि बायकोची कमाई तिची. इग्बो बाई मुलांचं पोट स्वतः भरते. मुसलमान विधवेला मुलंबाळं असतील तर मालमत्तेचा आठवा हिस्सा, नसतील तर चौथा. बायका दोन असतील तर तोच आठवा हिस्सा दोघींत, म्हणजे प्रत्येकी सोळावा. चौघी असतील तर बत्तिसावा. मुलीला मुलाच्या निम्मं. हे समान नाही आणि आम्ही त्याची भलामण करत नाही. पण जुन्या इग्बो रीतीत त्या जागी शून्य होतं. उलट, हिंडण्या-फिरण्याची, व्यापाराची आणि चारचौघांत भांडण्याची मोकळीक इग्बो बाईला कितीतरी जास्त. म्हणून 'अमुक समाजात बाईला मान आहे का' असा ठोकळ प्रश्न विचारून हाती काही लागत नाही. पैसा कुणाचा, चूल कुणाची, जमीन कुणाची, असं एकेक विचारावं लागतं.

आपल्याकडचंही एक सांगू, म्हणजे पाहुण्यांसमोर उगाच नाक वर होणार नाही. मुंबई इलाख्यात हिंदू पुरुषाला दुसरी बायको करायला कायद्याने मज्जाव झाला तो १९४६ साली. तोवर सवती आपल्याही वाड्यांत होत्या. गोव्यात पोर्तुगीजांच्या १८८० च्या हुकमात हिंदू पुरुषाला दुसऱ्या लग्नाची सवलत होती: बायकोला पंचविसाव्या वर्षापर्यंत मूल नाही किंवा तिसाव्यापर्यंत मुलगा नाही, तर. अनाम्ब्राच्या आजोबांकडे विचारलं असतं तर त्यांनीही हेच कारण दिलं असतं.

आता कायदा. इथे नीट लक्ष द्या, कारण चुका इथेच होतात. नायजेरियात लग्नं तीन प्रकारची. विवाह कायद्याखालचं नोंदणी लग्न, त्यात एकच बायको. जातरिवाजाचं लग्न, त्यात बायकांना मर्यादा नाही. आणि इस्लामी लग्न, त्यात चार. इग्बो जोडपी सहसा पहिले दोन्ही करतात, आधी गावाकडचा विधी, मग नोंदणी किंवा चर्च. तेच जोडपं दोन्ही प्रकारे लग्न करू शकतं, त्यात अडचण नाही. अडचण येते ती गावाकडचा विधी थाटात झाल्यावर नोंदणी लांबली की. खर्च झालेला असतो, फोटो निघालेले असतात, सगळे तुम्हाला नवरा-बायको म्हणू लागलेले असतात. पण कायद्याच्या नजरेत ते लग्न बहुपत्नीत्वाला मोकळं राहतं, आणि उद्या त्याने रिवाजाने दुसरी आणली तर ती बेकायदा ठरत नाही.

दुसरी चूक चर्चमधली. चर्चमध्ये पाद्र्याने आशीर्वाद दिला म्हणजे कायदेशीर लग्न झालं असं होत नाही. ते चर्च परवानाधारक असावं लागतं, आणि आधी निबंधकाकडे नोटीस देऊन त्याचा दाखला घ्यावा लागतो. हा दाखला नोटिशीनंतर २१ दिवसांनी मिळतो आणि नोटिशीपासून तीन महिन्यांच्या आत लग्न लागावं लागतं. तो नसेल तर तो नुसता आशीर्वाद.

आमचा सल्ला असा की लग्न पहिल्यांदा भारतात, विशेष विवाह कायदा, १९५४ खाली नोंदवा. दोघांपैकी एकाने त्या जिल्ह्यात नोटिशीआधी निदान ३० दिवस राहिलेलं असावं लागतं. मुलगी पुण्यात आहेच, त्यामुळे नोटीस तिथल्या विवाह अधिकाऱ्याकडे. नोटिशीनंतर ३० दिवस थांबायचं, मग तीन साक्षीदारांसमोर लग्न. कलम ४ ची पहिलीच अट आहे की दोघांपैकी कुणाचाही जोडीदार हयात नसावा. परदेशी माणसाकडून अविवाहित असल्याचा दाखला मागितला जातो. नंतर लग्नाचा दाखला परराष्ट्र मंत्रालयाकडून आणि नायजेरियाच्या दिल्लीतल्या उच्चायुक्तालयाकडून प्रमाणित करून घ्या, कारण लागोसला व्हिसापासून बँकेपर्यंत तोच लागणार. गावाकडचा समारंभ त्यानंतर हौसेने करा. आणि जाण्याआधी लागोसच्या एखाद्या कौटुंबिक वकिलाला विचारा की तिथे नोंदणीबाबत वेगळं काही करायला हवं का. ही फी वाचवू नका.

या दाखल्याने काय होतं आणि काय होत नाही, तेही समजून घ्या. नायजेरियाच्या विवाह कायद्याखाली लग्न झालेल्याने दुसरीशी रिवाजाने लग्न केलं तर ते लग्न रद्दबातल, आणि दक्षिणेकडच्या फौजदारी संहितेच्या कलम ३७० नुसार सात वर्षांपर्यंत कैद. भारतात नोंदलेल्या लग्नाला हे कितपत लागू होतं, ते त्या वकिलालाच विचारा. पण असे खटले जवळजवळ होतच नाहीत, त्यामुळे गावाकडे दुसरं घर थाटणारे पुरुष आहेत. आपल्याकडे भारतीय न्याय संहितेचं कलम ८२ आहे, पण परदेशी नागरिकाने परदेशात केलेल्या लग्नाला ते लागू करता येत नाही. म्हणजे कागद त्याचा हात धरून थांबवणार नाही. तो देतो ते एवढंच, की तुमची मुलगी कायदेशीर पत्नी, दुसरी नाही. तेही वारशाच्या वेळी पूर्ण पुरत नाही, कारण नायजेरियाची घटना जन्माच्या परिस्थितीवरून कुणालाही वंचित ठेवू देत नाही. दुसरीच्या मुलांना बापाच्या मालमत्तेत वाटा मिळू शकतो.

अविवाहित असल्याच्या दाखल्यावरही पूर्ण विसंबू नका. रिवाजाची लग्नं बहुतेक वेळा कुठेच नोंदलेली नसतात, त्यामुळे सरकारी कागदात ती दिसत नाहीत. ती माहीत असतात गावाला आणि चर्चला. त्याच्या घरचे कॅथलिक असतील तर त्याच्या गावच्या पॅरिशमधून, तो लग्नाला मोकळा असल्याचं पाद्र्याचं पत्र मागा. ही नेहमीची गोष्ट आहे, कुणी राग मानणार नाही. चौकशी ही तर इग्बो लग्नातली ठरलेली पायरीच आहे. आजार, कर्ज, गुन्हा, घराण्याचा स्वभाव, सगळं विचारलं जातं, आणि ते तुमच्याबद्दलही विचारणार. आपल्या जातीसारखीच एक वाईट गोष्ट तिथेही आहे. देवाला वाहिलेल्या घराण्यांना ओसू म्हणत आणि त्यांच्याशी सोयरीक टाळत. १९५६ साली कायद्याने ती बंद झाली, तरी लग्नाच्या चौकशीत अजून डोकं वर काढते. ती चर्चा निघालीच तर तुमच्या घरात तिला जागा देऊ नका.

काका आणि थोरला भाऊ येतील तेव्हा 'तुमच्यात किती बायका करतात' असं विचारू नका. त्यावर ते हसतील आणि 'आता कोण करतंय' म्हणतील, ते खरंही असेल, पण तुम्हाला काही कळणार नाही. याऐवजी विचारा: मुलाच्या वडिलांच्या पिढीत दुसरं लग्न कुणी केलं आणि का? उत्तर 'मुलगा नव्हता म्हणून' असं आलं तर तिथे थांबा. तुमच्या मुलीला दोन मुली झाल्या तर उमुन्नाची बैठक काय म्हणेल, हे थोरल्या भावालाच विचारा, कारण दडपण आणलं तर तोच आणणार. आजोबांच्या तिन्ही चुलींच्या वारसांत जमिनीची वाटणी झाली का, की वाद चालू आहे? घरातल्या विधवा आज कुठे राहतात आणि कुणाच्या पैशावर? गावाकडचं घर कुणाच्या नावावर आहे? आम्हाला विचाराल तर विधवांचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. ज्या घराने काकूला नीट सांभाळलं, त्या घरात मुलगी द्यायला आम्ही कचरणार नाही.

मुलाशी बोलणं मात्र तुमच्या मुलीने करायचं, एकटीने, लग्नाआधी. मूल झालं नाही किंवा मुलगा झाला नाही तर काय, हे त्याच्या तोंडून ऐकायचं. 'घरच्यांना मी बघून घेईन' हे उत्तर अर्धं आहे. घरच्यांना त्याने आजच सांगितलं आहे का, हे बघायचं. लग्नानंतर वर्षाच्या आत दोघांनी इच्छापत्रं करावीत आणि बँक, विमा, निवृत्तिवेतन सगळीकडे वारसाचं नाव लावावं. एक सापळा आवर्जून सांगा. इग्बो पुरुषाला गावी घर बांधायची ओढ असते आणि बायकोची बचत त्यात सहज जाते. ती जमीन भाऊबंदांची असते. तिथे घातलेला पैसा नवऱ्याच्या पश्चात परत मिळवणं फार अवघड. घालायचा असेल तर लागोसमधल्या दोघांच्या नावावरच्या जागेत घालावा. आणि नायजेरियन माणसाची बायको म्हणून तिला तिथलं नागरिकत्व मिळू शकतं, पण ते स्वतःहून घेतलं की भारताचं जातं. त्याची घाई करू नये.

एक चांगली बातमीही आहे. बाळंतपणात मुलीच्या आईने येऊन महिना-दोन महिने राहायचं, बाळाला न्हाऊ घालायचं, बाळंतिणीला गरम शेक आणि तिखट सूप द्यायचं, याला तिथे ओमुग्वो म्हणतात. तो तुमचा मान आहे आणि जावयाने तुम्हाला भेटीसकट पाठवणी द्यायची असते. पासपोर्ट काढून ठेवा.

राहिला पैशांचा प्रश्न. काका येतील ती पहिली पायरी, इकू आका, म्हणजे दार ठोठावणं. सोबत कोला आणि पेय आणतील. पुढची पायरी इमे एगो, देण्याघेण्याची बोलणी. अनेक गावांत आकडा तोंडाने न सांगता काड्यांच्या जुड्या पुढे-मागे सरकवून ठरवतात, आणि मुलीकडचे बहुतेक वेळा त्यातला मोठा भाग परत करतात, कारण 'आम्ही मुलगी विकली नाही' हेच त्यांना दाखवायचं असतं. शेवटची पायरी इग्बा न्क्वू. वडील ताडीचा पेला मुलीच्या हातात देतात. मांडवातले पुरुष तिला गंमतीने 'इकडे दे, इकडे दे' म्हणून हाका मारतात. ती सगळ्यांना ओलांडत नवऱ्यापाशी जाते, गुडघे टेकते, एक घोट घेऊन पेला त्याला देते. तो पितो, पेल्यात नोटा टाकतो आणि दोघं वडिलांपुढे येतात. वडील ही ताडी स्वीकारण्याआधी मुलीला सर्वांसमक्ष विचारतात, 'पिऊ का?' ती हो म्हणाल्याशिवाय पुढे काही होत नाही. विकत घेण्याशी याचा संबंध नाही, हे जावेला सांगता येईल. पण त्याचा एक काच खरा आहे. रिवाजाचं लग्न मोडताना हे देणं परत करावं लागतं, आणि ते परत होईपर्यंत गाव बाईला त्याच घरची मानतं. जितका मोठा आकडा, तितकं तिचं बाहेर पडणं अवघड.

आणि आपल्याकडचा कायदा. हुंडा प्रतिबंधक कायदा, १९६१ ची व्याख्या फक्त मुलाकडच्यांनी घेतलेल्या पैशांपुरती नाही. लग्नासाठी एका पक्षाने दुसऱ्याला किंवा त्याच्या आईवडिलांना दिलेली मालमत्ता तीत येते. सवलत आहे ती मुस्लिम कायद्याखालच्या मेहरला. घेणाऱ्याला कमीत कमी पाच वर्षं कैद आहे. म्हणून तुमच्या घरात रोख रक्कम घेऊ नका, प्रतीकात्मकही नाही. कोला घ्या, पेय घ्या, जेवू घाला. मुलाला सांगा की काकांना आधीच समजावून सांग: आमच्या कायद्यात हे बसत नाही, आमचा नकार मानासाठीच आहे. गावाकडच्या समारंभात मुलीच्या बाजूने बसायला तिथलं एखादं इग्बो कुटुंब उभं राहतं. तिथेही आकडा नाममात्र ठेवायचा आणि तिथल्या तिथे परत करायचा, हे त्या घरच्यांशी आधी बोलून घ्या. काका सांगलीला यायला निघण्यापूर्वी हे सगळं मुलाकडून व्हॉट्सॲपवर लेखी मागवा. बैठकीत बसल्यावर पहिल्यांदा नकार दिला तर त्यांना तो नकार मुलाला वाटेल, पैशांना नाही.